बटण

हे काम आधी दूधगंगेनं केलं होतं.
त्या साली पाणी भोजमधल्या आमच्या गल्लीत
माळ्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं
आणि पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकखाली
अण्णांचा एकुलता एक फोटो
आठ दिवस भिजत पडला.
वाळवला तेव्हा निळा शर्ट भिंतीत उतरला होता,
डावा कान ढगासारखा फुटलेला.

आता त्या फोटोचा फोटो काढून
मी फोनमध्ये घालते, तर ॲप विचारतं,
वॉटरकलर हवं का?
नको. झालंय ते.

ऑइल पेंट दाबते.
अण्णा एकदम दाट होतात,
जत्रेतल्या पाळण्याच्या फळीवर रंगवलेल्या
कुठल्याशा राजासारखे,
मिशीला तूप लावल्यागत चकाकी.
कॉमिक दाबते. गालावर ठिपके ठिपके.
आता हे कुणाला तरी ठोसा मारणार असं वाटतं,
ज्या माणसानं बैलावर कधी
आवाजसुद्धा चढवला नाही.
चारकोलमध्ये बरे दिसतात,
पण आईला तो रंग
मयताच्या बातमीतला वाटेल.

आई तिकडं सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय.
पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते,
सगळं न बघता.
बघते ती माझ्याकडं.
"काय करूलालीस मघाधरनं?"
"अण्णांना रंगवूलालो," मी म्हणते.
"रंगव. गोरं करू नको म्हणजे झालं."

सगळ्यात शेवटी जादूच्या कांडीचं बटण.
चेहरा दुरुस्त करा.
दाबलं. चाक फिरलं, थांबलं, फिरलं.
आमच्या गावात टॉवरचं अजून ठरत नाही
तो कुठल्या राज्याचा;
स्वागताचा मेसेज परसात एक येतो, सोप्यात दुसरा.
मग अण्णा आले.
कान आला. भिंत मागं सरली.
शर्ट शर्टाच्या जागी, इस्त्रीचा,
गळ्यापासून खाली ओळीनं पाच बटणं.

आईनं सूप खाली ठेवलं.
चष्मा कपाळावरून नाकावर. फोन हातभर लांब.
मला वाटलं, रडेल.

"हे कोण लावलं?"
काय?
"हे. दुसरं. दिवाळीत तुटलेलं ते.
रोज म्हणायचे, लाव. रोज मी म्हणायचो, उद्या.
फोटोच्या दिवशी भांडण झालं ते ह्याच्यावरनंच.
मी लावलोच नाही कधी.
काढ ते."

खोडरबर शोधून दिला.
"दे हिकडं, मी काढतो."
अंगठा ठेवला काचेवर. काही झालं नाही.
तिचा अंगठा रेशनच्या मशीनलाही कळत नाही,
तीस वर्षांची पानं त्याच्या रेघा घेऊन गेलीत.
तर्जनी. तीही नाही.
मग करंगळी,
लहान पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी
हलकेच, दोनदा, तीनदा.

बटण गेलं.
तिथं धुरकट डाग राहिला आणि त्यातून
गंजिफ्राकाची एक पांढरी कड,
ॲपनं कुठून आणली कोण जाणे.
त्यावर आई काही बोलली नाही.

सेव्ह करायचं तर जाहिरात बघावी लागते.
तीस सेकंद आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून
कन्नडमधली सिमेंटची जाहिरात बघत बसलो.
आई त्यातल्या बाईच्या साडीची किंमत काढत होती.

निपाणीत लॅबवाल्या लुमाण्णानं
फोटो स्क्रीनवर मोठा करून बघितला.
"ताई, इथं एक बटण राहिलंय की.
मारू काय? पैसे नाही घेत."

फ्रेम आता भिंतीवर आहे,
पुराच्या पाण्याची जी काळी रेघ राहिलीय
तिच्या वीतभर वर.
खिळा मारताना मी म्हटलं होतं, अजून वर घेऊ.
आई म्हणाली, पुरे.